भाकर, गिरास आणि अन्न

गेल्या उपवासकाळात आमच्या सिल्लोडच्या लहानशा धर्मग्रामात एका शब्दावरून वाद उत्पन्न झाला. सायंप्रार्थना संपल्यावर एक निवृत्त शिक्षक उठून म्हणाले, ‘फादर, प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ते आता पुरे करावे. तेथे अन्न म्हणावे. मुले पोळी खातात, पाव खातात. भाकर त्यांना आठवड्यातून एकदा दिसते.’ गुरुजींचे दुसरे कारण त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले नाही, ते नंतर माझ्या खोलीत सांगितले. त्यांचे आजोबा गावकीचे काम करीत आणि त्याबद्दल संध्याकाळी घरोघर फिरून फडक्यात शिळ्या भाकरी गोळा करून आणीत. ‘जी भाकर मागण्यातून आम्ही सुटलो, ती रोज गुडघे टेकून पुन्हा का मागायची?’ असा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना त्या दिवशी काही उत्तर दिले नाही. पुस्तके उघडून पाहतो, एवढेच म्हणालो. पुढील लेखन म्हणजे त्या पाहण्याचा हिशेब आहे.

प्रथम मूळ शब्द पाहू. प्रभू येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तीत भाकरीला ‘लहमा’ म्हणतात आणि हिब्रूत ‘लेहेम’. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर, हे आपण नाताळच्या प्रवचनात ऐकलेलेच असते. परंतु याच घराण्यातला अरबी ‘लहम’ हा शब्द मात्र मांसाचा वाचक आहे. शेती करणाऱ्याच्या तोंडी जो शब्द भाकरीला लागला, तोच गुरे राखणाऱ्याच्या तोंडी मांसाला लागला. ज्याच्यावर माणूस जगतो ते त्याचे ‘लहम’. म्हणजे मुळातच हा शब्द एका पदार्थाचे नाव आणि जगण्याचा आधार अशा दोन अर्थांमध्ये हेलकावे खात होता. जगातल्या भाषांतरकारांपुढे जो पेच पडला, त्याचे बीज या शब्दात आधीपासूनच होते.

त्या पेचातून निरनिराळ्या भाषांनी काढलेल्या वाटा मोठ्या बोधक आहेत. जपानी भाषेत भाकरीसाठी ‘पान’ हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे. पोर्तुगीजांनी तो तेथे नेला. तरीही जपानी ख्रिस्ती माणूस प्रभूच्या प्रार्थनेत ‘पान’ मागत नाही, ‘काते’ मागतो, म्हणजे शिधा. कोरियन ‘यांगसिक’चा अर्थ तोच. चिनी कॅथलिकांच्या प्रार्थनेत ‘ल्यांग’ म्हणजे धान्य आहे. चिनी प्रोटेस्टंट बायबलात खाणेपिणे या अर्थाचा जोडशब्द आहे. ज्या देशांत भात शिजतो तेथे भाकर मागणे म्हणजे परक्याचे जेवण मागणे, असे त्या भाषांतरकारांना वाटले असावे. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत ‘काकानिन’ म्हणजे खाण्याचे जे काही ते. इंडोनेशियातील कॅथलिकांनी ‘रेझेकी’ पत्करला. हा अरबी ‘रिज्क’, म्हणजे देवाने नेमून दिलेला वाटा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेतही तो ‘रिझिकी’ या रूपात आहे आणि तेथील प्रोटेस्टंट बायबलाने तो घेतला आहे, तर कॅथलिक प्रार्थनेने भाकरीचा ‘म्काते’ हा शब्द ठेवला. एकाच भाषेत, एकाच प्रभूची प्रार्थना करताना शेजारी शेजारी राहणारी दोन कुटुंबे दोन शब्द उच्चारतात, आणि त्यामुळे कोणाचे पोट अधिक भरते असे नाही.

आपल्या देशात पाहिले तर मल्याळी बांधव प्रार्थनेत ‘आहारम्’ मागतात, परंतु योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो तेथे त्यांनी ‘अप्पम्’ हा घरगुती शब्द ठेवला आहे. हिंदी भाषकांतही कॅथलिक ‘आहार’ आणि प्रोटेस्टंट ‘रोटी’ असा भेद आहे. मला सर्वांत हृद्य वाटतो तो गोव्याचा कोंकणी शब्द. तेथे लोक ‘गिरास’ मागतात. संस्कृत ‘ग्रास’चे हे रूप, मराठीत आपण ज्याला घास म्हणतो तेच. भाकर परातीत थापावी लागते, अन्न शिजवावे लागते, पण घास मात्र कोणीतरी कोणालातरी भरवतो. चिऊकाऊच्या नावाने आई बाळाला भरवते तो गिरास. ज्या कोणी हा शब्द प्रथम योजला त्याने ‘आम्हांला दे’ या क्रियापदाकडे बारकाईने पाहिले असले पाहिजे.

मराठीने भाकर निवडली. पाव का निवडला नाही, असा प्रश्न वसईच्या किंवा मुंबईच्या वाचकाच्या मनात येईल. पाव हा पोर्तुगीज ‘पांव’. जपानी ‘पान’ त्याचाच सख्खा भाऊ. (कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही आपल्याकडची व्युत्पत्ती अगदीच भाकड आहे.) परंतु पावाला मराठी मुलखात एक निराळा वास होता. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा उत्तर कोकणात अजून सांगितल्या जातात. त्या खऱ्या किती, हा प्रश्न इतिहासकारांचा. परंतु ज्या शब्दाला बाटण्याची आठवण चिकटली आहे तो शब्द प्रार्थनेत आणणे शहाणपणाचे ठरले नसते. भाकरीला असा डाग नव्हता. ती चुलीवरची, सर्वांच्या घरची. घोगरगावच्या परिसरात आलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी आमच्या पूर्वजांच्या झोपड्यांत बसून जे खाल्ले तेही भाकरच असणार.

आता गुणदोष पाहू, कारण केवळ आवड सांगणे म्हणजे समीक्षा नव्हे.

भाकर या शब्दाची पहिली जमेची बाजू अशी की, युरोपच्या फुगीर पावापेक्षा ती पॅलेस्टाईनच्या भाकरीला अधिक जवळची आहे. तेथील भाकर गोल, चपटी आणि हाताने मोडण्याजोगी असे. ‘मुलाने भाकर मागितली तर बाप धोंडा देईल काय’ या अर्थाचा येशूचा प्रश्न ऐकताना इंग्रजी मुलाला धोंड्याचे आणि पावाचे साम्य समजावून सांगावे लागते. आमच्या अजिंठ्याच्या डोंगराखालच्या मुलाला ते लागत नाही. ओढ्यातला चपटा काळा गोटा तो रोज पाहतो. दुसरी बाजू अशी की, मराठीत भाकर ‘मोडतात’. चाकूने कापत नाहीत. इम्माउसच्या शिष्यांनी प्रभूला ज्या कृतीवरून ओळखले त्या कृतीला आपल्या भाषेत तयार क्रियापद होते. अन्न मोडता येत नाही.

तिसरी बाजू ‘रोजची’ या विशेषणात आहे. येथे मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसियोस’ असा आहे आणि तो मोठा अवघड आहे. तिसऱ्या शतकातच ओरिगेन या पंडिताने लिहून ठेवले की, हा शब्द ग्रीक लोकांच्या बोलण्यात नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. संत जेरोमपुढे हाच शब्द मत्तयात आणि लूकमध्ये आला. लूकमध्ये त्याने ‘दररोजची’ असे भाषांतर केले आणि मत्तयात ‘सर्व द्रव्यांपलीकडील’ असे. एकाच शब्दाची एकाच माणसाने केलेली ही दोन भाषांतरे! शिवाय एका हिब्रू शुभवर्तमानात ‘उद्याची’ असा अर्थ आढळल्याचीही नोंद त्याने केली आहे. मराठी भाषांतरकारांनी ‘रोजची’ म्हटले आणि नकळत का होईना, एक मोठी गोष्ट साधली. फारसी ‘रोज’ म्हणजे दिवस; पण आमच्याकडे रोज म्हणजे दिवसाची मजुरीही. कापूस वेचायला, मिरची तोडायला, मका सोंगायला जाणारी बाई ‘आज रोजाने गेले होते’ असे म्हणते. ज्याचे पोट हातावर आहे त्याला ‘रोजची भाकर’ या दोन शब्दांवर प्रवचन लागत नाही. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला त्याच्यासाठी याच दोन शब्दांत सामावलेला असतो.

आता उणी बाजू. ती लहान नाही. आपल्या बायबलात ‘बेखमीर भाकर’ असा शब्दप्रयोग आहे. वल्हांडणाच्या सणातील तो प्राण आहे आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाचा एक सबंध युक्तिवाद त्यावर उभा आहे. परंतु आमच्याकडची प्रत्येक भाकर बेखमीरच असते! ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे त्यात खमीर घातले तरी ते पाव फुगावा तसे फुगणार नाही. भाकरीला निखाऱ्यावर पापुद्रा सुटतो तो वाफेने. तेव्हा ‘बेखमीर भाकर’ म्हणजे मराठी वाचकाला ‘ओले पाणी’ म्हटल्यासारखे वाटते. विशेषण ऐकू येते, अर्थ पोहोचत नाही. तीन मापे पिठात खमीर लपवणाऱ्या स्त्रीचा दाखलाही असाच परका होतो. शंभरेक माणसे जेवतील एवढे ते पीठ, पण आमच्या बाया विचारतात, ‘फादर, भाकरीच्या पिठात ती काय लपवत होती?’ मी जिलेबीच्या आंबवलेल्या पिठाचे उदाहरण देऊन वेळ मारून नेतो. ‘न आंबवलेली’ असे म्हटले तर अर्थ थोडा जवळ येतो. एवढी एक दुरुस्ती पुढील आवृत्तीत कोणी केली तर मला आनंद होईल.

याहून विलक्षण विसंगती वेदीवर आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील 924 व्या कलमानुसार मिस्साबलीची भाकर केवळ गव्हाचीच असावी लागते. 2017 साली रोमने याचा पुनरुच्चार करणारे पत्रकही काढले. म्हणजे आम्ही तोंडाने ज्या पदार्थाचे नाव घेतो तो पदार्थ मराठवाड्यात शतकानुशतके ज्वारी-बाजरीचा आणि वेदीवर मात्र तो चालत नाही. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी परदेशी लालसर मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढले, त्या आमच्या आईवडिलांच्या पिढीला गहू सणासुदीला दिसे. त्यांच्या दृष्टीने वेदीवरची ती पातळ पांढरी चकती भाकर कधीच नव्हती. परंतु ‘भाकर’ या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी तिला भाकर मानले. आता काळ उलटा फिरला आहे. रेशनवर गहू मिळतो, ज्वारी महागली आहे आणि 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेल्यापासून शहरातली सुखवस्तू मंडळी भाकरीचे गुण आम्हांलाच ऐकवतात.

गुरुजींच्या ‘अन्न’ या शब्दाविषयीही न्याय्य बोलले पाहिजे. तो शब्द भारदस्त आहे, सर्वसमावेशक आहे. भात खाणाऱ्या कोकणातल्या बांधवालाही तो चालेल. ‘वदनी कवळ’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांशी आपले नाते तो जोडतो आणि ते नाते मला प्रिय आहे. पण अन्नाला हात भाजत नाहीत. आमचा घाट उतरला की खानदेश लागतो. तेथल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी संसाराची गोष्ट सांगताना आधी हाताला चटका आणि मग भाकर हा क्रम सांगितला, तो ‘अन्न’ शब्दाने सांगताच आला नसता. नारायण सुर्व्यांनी आकाशात जो चंद्र पाहिला तोही भाकरीचाच. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’पासून पुढे दलित साहित्यात भूक जेव्हा बोलते तेव्हा ती भाकरच मागते. मराठीतला हा शब्द आता केवळ स्वयंपाकघरातला राहिलेला नाही. मीठभाकर, भाकरतुकडा, कष्टाची भाकर या शब्दांत माणसाची प्रतिष्ठा आणि त्याची लाचारी दोन्ही साठून राहिली आहे.

लाचारीचा मुद्दा मला गुरुजींकडूनच उमगला आणि तो मी हलका मानीत नाही. ज्याने कधी भाकर मागितली नाही त्याने या शब्दाची थोरवी गाणे सोपे आहे. तरीही प्रार्थनेतले ‘आमची’ हे सर्वनाम पाहावे असे मला वाटते. गावकीत भाकर ‘त्यांची’ होती. ते वाढीत ती घ्यायची, कालची असेल तर कालची. येथे ती मागण्यापूर्वीच आमची आहे आणि ज्याच्याकडे मागायची तो बाप आहे, पाटील नव्हे. ‘अन्न’ म्हटले तर हा उलटफेर दिसणारच नाही, कारण अन्नासाठी कोणी दारोदार हाळी दिल्याची आठवण त्या शब्दात नाही. ज्या शब्दाने अपमान सोसला, त्याच शब्दाला हक्काच्या जागी आणून बसवणे मला अधिक मोलाचे वाटते.

हे सारे मी गुरुजींना पुनरुत्थानाच्या सणानंतर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. वादाच्या दिवशी त्यांना विरोध करणाऱ्या आजीबाई तेथेच वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मी तर भाकरच म्हणणार, बाबा. माझ्या तोंडात दुसरं बसत नाही.’ गुरुजी हसले. मग मी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील त्या मुलाची आठवण करून दिली, ज्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी होत्या. जव हे त्या देशात गरिबाचे धान्य, गव्हाहून स्वस्त, आपल्या ज्वारी-बाजरीसारखे.

गुरुजी थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘फादर, त्या पोराने त्या घरून आणल्या होत्या की मागून आणल्या होत्या?’

योहानाने ते लिहिलेले नाही.