मारिओंच्या गर्दीत पुरावा किती?

मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांची शाईची चित्रं तुम्ही पाहिली असणारच. कुलाब्यातल्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर, नाहीतर गोव्याहून कुणी आणलेल्या कपावर. खचाखच भरलेला रस्ता, बाल्कनीत बायका, खाली कुत्री, वर कावळे. आपण हसतो आणि पुढे जातो. आज जरा थांबू. रिसर्चला लागणाऱ्या प्रत्येकाला अडणारा एक प्रश्न इथे आहे: अशा चित्राला पुरावा म्हणून किती मानायचं?

आधी शाई काय करते ते बघा. पेन्सिलीचा दाब कमी-जास्त केला की करडा रंग मिळतो. काळ्या शाईत एक तर रेघ, नाहीतर कोरा कागद. सावली हवी तर रेघा दाट ओढायच्या. म्हणजे काय काढायचं आणि काय सोडायचं, हे दर वेळी ठरवावंच लागतं. मारिओ लांबची माणसं लहान काढतात, पण पुसट करत नाहीत. रस्त्याच्या टोकाचा माणूसही जवळच्याइतकाच ठसठशीत. त्यामुळे डोळा एका जागी ठरत नाही, कोपऱ्या-कोपऱ्यात फिरत राहतो. गर्दी जाणवते ती यामुळे, नुसत्या डोकी मोजण्याने नाही.

बरं, इतकं सगळं एकाच क्षणी एकाच रस्त्यावर घडत असेल का? बहुधा नाही. मग चित्र खोटं का? वनस्पतिशास्त्रातल्या जुन्या चित्रांत एकाच फांदीवर कळी, फूल आणि फळ दाखवलेलं असतं. झाडावर ते वेगवेगळ्या वेळी येतं. तरी त्याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण ते एका फांदीचं नाही, त्या जातीचं चित्र असतं. मारिओंचा रस्ताही तसाच. कितीतरी दिवसांचं बघणं एका कागदावर.

पण इथेच माझी तक्रार आहे. वनस्पतीचं चित्र काढणारा नमुन्याला बांधलेला असतो. मारिओ स्वतःच्या ठरलेल्या पात्रांना बांधलेले आहेत. ऑफिसातली मिस फोन्सेका, सिनेनटी मिस निंबूपाणी, ढेरपोटा पुढारी. त्यांच्या रस्त्यांवर दारंखिडक्या वेगवेगळ्या भेटतात, बायका मात्र बऱ्याचदा त्याच त्या भरदार बांध्याच्या. विनोद म्हणून एकदा चालतं, पुन्हापुन्हा बघताना खटकतं. दारं त्यांनी बघून काढली आणि बायका सवयीने, असं वाटत राहतं.

तेव्हा तुम्ही उद्या जुन्या मुंबईवर लिहिताना ही चित्रं वापरलीत, तर बाल्कन्या, कठडे, पाट्या यांबद्दल ती बरंच सांगतील, अर्थात फोटो आणि नकाशांशी ताडून. रस्त्यावर बायका कशा वावरत होत्या हे मात्र त्यांतून काढायला जाऊ नका. तिथे तुम्ही मुंबई नाही, मारिओंची नजर मोजत असाल. तो विषयही चांगला आहे, पण वेगळा आहे. गाईड हाच फरक पहिल्या प्रेझेंटेशनला विचारतात.

नगरमध्ये असाल तर एक काम करा. काळा पेन घेऊन कापड बाजारात अर्धा तास उभे राहा. जे दिसेल ते काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. घरी येऊन दोन याद्या करा: समोर बघून काढलेलं, आणि न बघताच हाताने उमटवलेलं. दुसरी यादी गाईडला दाखवा. तुमच्या डेटात चूक कुठून शिरणार, हे तीत आधीच दिसेल.