'अनहर्ड' आणि 'मूक' : एका पर्यायाची चिकित्सा

दलित साहित्याच्या मराठी समीक्षेत 'अनहर्ड' या इंग्रजी विशेषणाचा आशय सांगताना 'मूक', 'निःशब्द' हे शब्द सहजपणे योजले जातात. या सहजतेत एक अर्थांतर दडले आहे. 'अनहर्ड' हे कर्मणी रूप असून त्यातील उणीव श्रोत्याकडे आहे; 'मूक' म्हणताच ती बोलणाऱ्याच्या जिभेवर जाते.

वस्तुतः मराठीची क्रियापदे येथे अधिक चोखंदळ आहेत. 'ऐकू येणे' ही कानावर आपोआप घडणारी घटना. 'ऐकणे' आज्ञापालनापर्यंत पोहोचते; 'पोर ऐकत नाही' या तक्रारीत श्रवणदोष अभिप्रेत नसतो. 'ऐकून घेणे' ही मात्र श्रोत्याने पत्करलेली जबाबदारी होय. इंग्रजी शब्द एरवी हे सारे एकाच नकारात गुंडाळतो. विधिभाषेत, बाजू मांडू न देता दोषी ठरवलेल्याविषयी तो येतो तेव्हाच तिसरा अर्थ नेमका उरतो.

या भेदाची कसोटी वरळीच्या बीडीडी चाळींत लागते. एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि सामाईक व्हरांडा, अशा रचनेत शेजाऱ्याचे बोलणे ऐकू न येणे हेच अवघड. ५ जानेवारी १९७४ रोजी, लोकसभा पोटनिवडणुकीच्या तोंडावर, तेथील आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा झाली. राजा ढाले यांचे भाषण चालू असता दगडफेक झाली, पाठोपाठ पोलिसांचा लाठीमार आणि पुढे चाळीचाळींतून पेटलेली दंगल. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. या शब्दांना 'न ऐकलेले' कोणत्या अर्थाने म्हणावे? ते स्पष्ट ऐकू आले होते, म्हणून तर दगड आले. नाकारले गेले ते ऐकून घेणे. अशा वक्त्यांना 'मूक' म्हणणारी समीक्षा, सहानुभूती बाळगूनही, दगड मारणाऱ्याला साक्षीतून वगळते.

'मूकनायक'चा दाखला येथे दिला जाईल. परंतु १९२० साली डॉ. आंबेडकरांनी योजलेल्या त्या समासात 'मूक' हे पूर्वपद आहे. त्याला लागून 'नायक' येतो आणि वर्णनाचे आव्हान होते. उत्तरपद गाळून पूर्वपद तेवढे उचलणे हे वाचन नव्हे. गायत्री स्पिवाक यांच्या १९८८ च्या गाजलेल्या निबंधाचेही असेच झाले. श्रवणावाचून उच्चार पूर्णत्वास जात नाही, हा त्यांनी पुढे केलेला खुलासा बाजूला पडला आणि 'बोलता येत नाही' एवढेच उद्धृत होत राहिले.

'अश्रुत' हा पर्याय व्याकरणदृष्ट्या निर्दोष खरा. पण संस्कृत कोशांत त्याचा 'अशिक्षित' असाही अर्थ आहे. श्रुतीच ज्यांना वर्ज्य होती त्यांच्यासाठी तो योजणे क्रूर विनोद ठरेल. 'ऐकून न घेतलेला' हे लांबलचक, बोलीच्या वळणाचे रूपच अधिक प्रामाणिक आहे.

वरळी-नायगावच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती भस्मे आयोगाने केली. अशा कामकाजाला मराठीत 'सुनावणी' म्हणतात. हा शब्द 'सुनावणे' या प्रयोजक क्रियापदावरून आलेला आहे, आणि मराठीत शिक्षाही सुनावलीच जाते.