मिनिटाला किती पाणी?

दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. 14 तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि पुढे परीक्षा, म्हणून शाळांतला कार्यक्रम तासाभरात उरकतो. तुमसरच्या एका शाळेत आम्ही तो पाहिला. मैदानात तणस पेटवले गेले, अग्निशामकाच्या फवाऱ्याने ते विझले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीवर आगीच्या त्रिकोणाचा तक्ता होता. त्यावर 'गोदामे' या शीर्षकाखाली एकच वाक्य होते: पाण्याची टाकी नेहमी भरलेली ठेवा.

वाक्य चुकीचे नाही. पण विज्ञान शिक्षकाने ते तसेच पुढे जाऊ द्यावे, याला आमची हरकत आहे.

तुमसर ही धानाची बाजारपेठ. पोत्यांच्या थप्प्या आणि बारदान्याचे ढीग इथल्या मुलांना नवे नाहीत. अशा ठिकाणी टाकी किती लिटरची, हा नंतरचा प्रश्न. आधी विचारायचे ते मिनिटाला किती लिटर पाणी हवे आणि किती जागेवर हवे. तक्त्यात 'मिनिट' हा शब्दच नव्हता.

हे गणित अवघड आहे असेही नाही. पर्जन्यमापक मुलांना ठाऊक असतो. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडले, की तो एक मिलिमीटर पाऊस. छताला बसवलेल्या स्प्रिंकलरचा हिशेब याच एककात होतो. कमी उंचीच्या साध्या साठ्यासाठी मिनिटाला 5 मिमी हा नेहमी घेतला जाणारा आकडा आहे. म्हणजे तासाला 300 मिमी! 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. तेवढे पाणी इथे तीन तासांहून थोड्याच अधिक वेळात पडेल. 'तुषार' या शब्दाने शेतातले तुषार सिंचन डोळ्यांपुढे येते आणि फसगत होते.

सिनेमात दाखवतात तशी सगळी स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. प्रत्येकाच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची कुपी असते. जी तापते ती फुटते आणि तेवढेच तोंड उघडते. लाल कुपी 68 अंश सेल्सिअसला फुटते. मे महिन्यात विदर्भातल्या टिनाच्या छपराखाली मात्र 79 अंशांची पिवळी किंवा 93 अंशांची हिरवी बसवणे शहाणपणाचे. म्हणून पाण्याचा हिशेब पूर्ण गोदामावर न करता, आग पसरेल अशा क्षेत्रावर करतात. ते 360 चौरस मीटर धरले, तर 5 गुणिले 360, म्हणजे मिनिटाला 1,800 लिटर. पंपाचा प्रवाह हा असा ठरतो. एवढे पाणी तासभर पुरवायचे तर 1,08,000 लिटर साठा हवा. टाकी आली ती इथे, सर्वांत शेवटी.

आता त्याच गोदामात थप्प्या उंच रचल्या तर? दोन थप्प्यांमधली फट धुराड्यासारखे काम करते आणि ज्वाळा वर धावतात. उंच साठ्यासाठी मिनिटाला 7.5 पासून 30 मिमीपर्यंत पाणी धरावे लागते. आपण 12.5 मिमी आणि 260 चौरस मीटर घेऊ. उत्तर येते 3,250 लिटर. क्षेत्र घटले, तरी पाणी 1.8 पट झाले.

दाबाचे गणित याहून कडक आहे. स्प्रिंकलरमधून येणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. नेहमीच्या एका स्प्रिंकलरमधून 1 बार दाबाला मिनिटाला 80 लिटर पाणी येते. 12 चौरस मीटरवर 5 मिमी पाडायला त्यातून 60 लिटर हवेत, त्याला 0.56 बार दाब पुरतो. 9 चौरस मीटरवर 12.5 मिमी पाडायला 112.5 लिटर हवेत. त्याला जवळजवळ 2 बार लागतात. शिवाय त्याच नळातून 1.8 पट पाणी नेले, की घर्षणात जाणारा दाब सुमारे तिप्पट होतो. पहिल्या गोदामाला पंपाशी 5 बार आणि दुसऱ्याला 8 बार लागतात असे मानू, आणि पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरू. पहिल्याला 25 किलोवॉट, तर दुसऱ्याला 72 किलोवॉट शक्ती लागेल. शेतातल्या 5 एचपीच्या शक्तीत याच हिशेबाने 5 बार दाबाला मिनिटाला 270 लिटर मिळतात. म्हणजे चार स्प्रिंकलर, फार तर साडेचार!

पंप एकदाच बसतो, माल मात्र दर हंगामाला बदलतो. पंपावरच्या पाटीवर प्रवाह आणि दाब कोरलेले असतात. पण हा पंप किती उंच थप्पीसाठी आहे, हे गोदामाच्या भिंतीवर रेघ मारून दाखवलेले आम्हाला क्वचितच दिसले. तक्त्याने सांगायला हवे होते ते हे.

आणि ज्या घटनेच्या स्मरणार्थ हा सप्ताह आहे, तिच्यातही आकडे आहेत. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच जहाजात स्फोटकेही होती. दुपारी दोनपासून चारनंतरच्या पहिल्या स्फोटापर्यंत 900 टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. म्हणजे मिनिटाला सुमारे 7,500 लिटर, आपल्या दुसऱ्या गोदामाच्या दुपटीहून जास्त. तरीही आगीचे मूळ सापडले नाही आणि पाणी तिथवर पोचले नाही. 66 अग्निशमन जवान प्राणांस मुकले. त्यांचे शौर्य मुलांना सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. पण गाठींच्या पोटात पाणी का शिरले नाही, हा प्रश्नही त्याच तासात विचारता येतो. घट्ट रचलेल्या पोत्यांचेही तेच होते: स्प्रिंकलर आग वाढू देत नाही, पण आत धुमसणारी थप्पी शेवटी माणसांनाच उपसावी लागते.

पुढच्या एप्रिलमध्ये तणस पेटवण्याआधी शाळेच्या नळाखाली 15 लिटरची बादली ठेवावी आणि मुलांच्या हाती घड्याळ द्यावे. ती मिनिटात भरली, तर एका स्प्रिंकलरसाठी असे चार नळ लागतील आणि पहिल्या गोदामासाठी 120.