पडद्यावरील चीवर

चित्रपटात बुद्धमूर्ती दिसली, चीवर दिसले, की आपल्या समाजातील प्रेक्षकाचे अंतःकरण भरून येते. ज्या समाजाला आपली श्रद्धास्थाने पडद्यावर क्वचितच पाहावयास मिळाली, त्याने एवढ्यानेही संतोष मानावा यात नवल नाही. परंतु आदराने मान लववून झाल्यावर प्रश्नही विचारले पाहिजेत, अशी आपणांस मिळालेली शिकवण आहे.

अलीकडे आम्ही लागोपाठच्या दोन रात्री दोन परदेशी चित्रपट पाहिले. दोहोंच्या केंद्रस्थानी भिक्खू आहे. ते पाहत असता ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या परिचयात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपस्थित केलेला एक प्रश्न आमच्या मनातून जाईना. भगवान बुद्धांनी भिक्खू निर्माण केला, तो स्वतःपुरता परिपूर्ण असा मनुष्य घडविण्यासाठी, की लोकांचा मित्र व मार्गदर्शक होऊन त्यांची सेवा करणारा समाजसेवक घडविण्यासाठी? हीच कसोटी आम्ही या चित्रपटांना लावली.

पहिला चित्रपट दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक किम की-डुक यांचा, सन २००३ चा, ‘स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग’. डोंगरांनी वेढलेल्या जलाशयावर एक लहानसा विहार तरंगत आहे. तेथे एक वृद्ध भिक्खू व त्यांचा बालशिष्य राहतात. खेळाच्या भरात हा बालक मासा, बेडूक व साप यांना दोऱ्याने दगड बांधतो. गुरू रात्री त्याच्याच पाठीला दगड बांधतात आणि सकाळी त्या जिवांना सोडवावयास पाठवितात. मासा व साप मेलेले आढळतात आणि बालक हुंदके देऊन रडतो. येथे देवाचा कोप नाही, प्रायश्चित्ताचा विधी नाही. कृती आहे आणि तिचा परिणाम आहे. शीलाचा इतका सोपा आणि इतका खोल पाठ आम्ही पडद्यावर क्वचितच पाहिला आहे.

तथापि पुढे आमचे मन अस्वस्थ होत गेले. शिष्य तरुणपणी विहार सोडून जातो आणि कालांतराने पत्नीचा खून करून परततो. गुरू त्याच्याकडून विहाराच्या फळ्यांवर प्रज्ञापारमिता हृदयसूत्र कोरून घेतात व त्याचा क्रोध शमतो. प्रसंग सुंदर आहे. परंतु जिचा जीव गेला ती स्त्री कोण होती? तिचे मरण गुरूंना कळते ते खाद्यपदार्थ गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावरून, आणि तिचे सारे आयुष्य या चित्रपटात तेवढ्याच कागदावर मावते. हिवाळ्यात दुसरी एक स्त्री चेहरा झाकून येते, तान्हे मूल ठेवते आणि बर्फातील भोकात पडून मरते. तिलाही नाव नाही. पुरुषाच्या मुक्तीचा मार्ग नाव नसलेल्या स्त्रियांच्या मृत्यूवरून जावा, हे आम्हांस मान्य होण्याजोगे नाही.

दुसरा आक्षेप याहून मूलभूत आहे. शेवटी वसंत पुन्हा येतो आणि नवा बालक कासवाला छळू लागतो. म्हणजे दुःख हे ऋतूंसारखे. ते येत राहणार. ऋतूंना थांबविता येत नाही. परंतु दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर केल्यास दुःखाचा निरोध होतो, हा तर धम्माचा गाभा! दुःखाला निसर्गक्रम मानणारा विचार कितीही रम्य असला, तरी ज्यांचे दुःख माणसांनी निर्माण केले त्यांच्या तो कामाचा नाही.

दुसरा चित्रपट जपानचे दिग्दर्शक कोन इचिकावा यांचा कृष्णधवल ‘द बर्मीज हार्प’. तो सन १९५६ चा, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षीचा. १९४५ साली महायुद्ध संपते तेव्हा ब्रह्मदेशात असलेल्या मिझुशिमा या जपानी सैनिकाची ही कथा. जखमी अवस्थेत एक भिक्खू त्याची शुश्रूषा करतो आणि हा त्याचेच चीवर चोरतो, केवळ वेष बदलून आपल्या तुकडीकडे पोहोचण्यासाठी. वाटेत त्याला नदीकाठी, डोंगरात आपल्या सैनिकांची बेवारस प्रेते दिसतात. तो त्यांना पुरू लागतो. सोबती मायदेशी निघतात तेव्हा तो मागे राहतो. चोरलेले चीवर कामाने त्याचे स्वतःचे होते. बाबासाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर येथे एका फावड्याच्या रूपाने मिळते, असे आम्हांस वाटले आणि आमचे डोळे पाणावले.

तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४२ ते १९४५ या काळात जपानी सैन्याने ब्रह्मदेश व्यापला होता; सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या बांधकामावर हजारो ब्रह्मी मजूर मेले. मिझुशिमाला मदत करणारे ग्रामस्थ दिसतात. त्याने पुरलेल्यांत ब्रह्मी माणूस आम्हांस दिसला नाही. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या रंगूनला गेले, त्या देशाच्या लोकांचे दुःख या करुणेच्या सीमेबाहेर राहते. आपल्यांपुरती थांबलेली करुणा अपुरीच म्हणावी लागेल.

हे लिहीत असता चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ आम्हांस आठवला. त्यात चीवरधारी नायक नाही. आहेत ते लोकशाहीर नारायण कांबळे. त्यांचे गीत ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप. साक्षीत पवारांची विधवा सांगते की, ते आधी आत दगड टाकीत. झुरळे बाहेर आली की आत श्वास घेण्याजोगी हवा आहे असे समजत. येथे दुःख ऋतूसारखे येत नाही. त्याला कारण आहे, व्यवस्था आहे आणि जबाबदार माणसे आहेत. अशी सफाई संरक्षक साधनांविना करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. गटारातील मृत्यू मात्र थांबले नाहीत. कांबळे जामिनावर सुटून पुन्हा कामाला लागतात आणि त्यांना पुन्हा अटक होते. ही भूमिका करणारे वीरा साथीदार २०२१ साली आपल्यातून गेले. लोकांचा मित्र व मार्गदर्शक म्हणजे कोण, हे त्या शांत चेहऱ्याने आम्हांस दाखविले.

आमची सूचना अशी की, हे तिन्ही चित्रपट आपल्या विहारांतून तरुणांना दाखवावेत आणि नंतर दिवे लावून चर्चा करावी. कोणाचे दुःख दाखविले? कोणाचे वगळले? ते दूर करावयास कोण उठले? एवढे तीन प्रश्न पुरेत.