टोपणनाव बदलले, गाडी तीच

आयईईई १६०९.२ या मानकातील मांडणी तपासून पाहा. गाडी सेकंदाला साधारण १० वेळा स्थान, वेग व दिशा प्रसारित करते. संदेशावर डिजिटल स्वाक्षरी असते, पण तो कूटबद्ध नसतो. शेजारच्या अनोळखी गाडीला तो लगेच वाचता आला पाहिजे. माग काढता येऊ नये म्हणून गाडी टोपणनावी प्रमाणपत्रे बदलत राहते.

उणीव येथेच आहे. मोकळ्या रस्त्यावर एकच गाडी असेल, तर प्रमाणपत्र बदलूनही स्थान व वेगातील सातत्य तिची ओळख उघड करते. बदलताना काही क्षण प्रसारण थांबवावे, तर नेमका तेव्हाच धोक्याचा इशारा हुकू शकतो. म्हणून प्रमाणपत्रांची संख्या पाहून समाधान मानू नका. ती किती गाड्यांच्या गर्दीत बदलतात, हे आधी विचारा.