पिनकोडची उपमा कुठवर पुरते?

कर्करोगावरील सुबोध लेखांत एक उपमा हमखास भेटते. अर्बुदातील रक्तवाहिन्यांना स्वतःचा ‘पिनकोड’ असतो. तो ओळखणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, औषधाला जोडले की औषध नेमके तेथेच पोहोचते. उपमा मुळात वाईट नाही. एर्की रुओस्लाती या संशोधकांनी स्वतःच ती वापरली आहे. आमची तक्रार आहे ती लेख ‘नेमके तेथेच’ म्हणून थांबतात याबद्दल.

आम्ही बोनकोड्याचे रहिवासी. आमचा पिनकोड ४००७०९, पण तोच कोपरखैरण्याचाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १९७२ साली सुरू झाली. ती पत्र टपाल कार्यालयापर्यंत आणते; पुढे गावठाणातले घर शोधायचे ते पोस्टमननेच.

अर्बुदाचेही तसेच. एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायला गाठीला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. या वाहिन्यांच्या पेशींवर इंटेग्रिन जातीची काही प्रथिने विपुल असतात. अर्जिनीन, ग्लायसीन व अॅस्पार्टिक आम्ल या तिघांची ‘आरजीडी’ जोडणी त्यांना चिकटते. पण भरत आलेल्या जखमेतही नव्या वाहिन्या फुटतात आणि त्यांवरही हीच प्रथिने असतात. हाड झिजवणाऱ्या पेशींवरही असतात. शिवाय लहान पेप्टाइड मूत्रपिंडांवाटे झपाट्याने बाहेर पडते. बरेचसे टपाल वाटेतच गळते म्हणा ना! वर्गात ही उपमा वापरताना मुलांनाच विचारावे, हाच पिनकोड आणखी कोणाकोणाचा?

१९९८ मध्ये अराप, पास्क्वालिनी व रुओस्लाती यांनी डॉक्सोरुबिसिन या औषधाला असे पेप्टाइड जोडून उंदरांतील गाठींवर चांगला परिणाम दाखवला. लेखांतून तो रंगवून सांगितला जातो. पुढचे सांगितले जात नाही. ‘एनजीआर’ या दुसऱ्या पेप्टाइडला जोडून रक्तवाहिन्यांकडे धाडलेले टीएनएफ हे प्रथिन फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या ४०० रुग्णांमध्ये तपासले गेले. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे आयुष्य एकंदरीत लक्षणीय वाढले नव्हते. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या घरी रुग्ण असेल, तर अर्धी गोष्ट ऐकून ती कोणती आशा घरी नेईल?

चित्रणाची बाजू मात्र उजवी आहे. खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आरजीडी पेप्टाइडला टेक्नेशियम-९९एम जोडण्याचे काम झाले आहे. या समस्थानिकाचा अर्धायुकाल सहा तास. येथे पेप्टाइडने पोहोचून केवळ खूण करायची असते. खूण थोडी चुकीच्या दारी उमटली, तरी रुग्णाला कोठे जखम आहे हे डॉक्टरांना ठाऊक असते. मारक औषध चुकीच्या दारी गेले, तर तेथील निरोगी पेशी मरतात. हे दोन उपयोग लेखांत सर्रास एकाच दमात सांगितले जातात.

ल्युटेशियम-१७७ जोडलेले डोटाटेट हे पेप्टाइड आज उपचारांत खरोखर वापरले जाते. मात्र ते यश या खात्यावर मांडू नये. त्याचा पत्ता गाठीच्या पेशींवरील सोमॅटोस्टॅटिन-ग्राहीचा आहे, रक्तवाहिनीचा नव्हे.