'साइव्ह' : आयरिश ग्रामीण विवाहरूढींचे नाट्यदर्शन

आयर्लंडच्या ग्रामीण भागातील विवाहरूढींचा परिचय बहुधा रम्य लोकाचार म्हणून करून दिला जातो. मे महिन्यातील लग्न अशुभ मानले जाई. ईस्टरपूर्व उपवासकाळात विवाह होत नसल्याने त्याआधीच्या श्रोव्ह मंगळवारी लग्नांची गर्दी उसळे आणि अविवाहित राहिलेल्यांच्या कपड्यांवर पुढील रविवारी खडूच्या रेघा ओढून त्यांची थट्टा केली जाई. या रूढींना लागून असलेला कठोर आर्थिक व्यवहार जॉन बी. कीन (१९२८-२००२) यांच्या 'साइव्ह' या नाटकात उघडा पडतो. डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरने नाकारलेले हे नाटक केरी काउंटीतील लिस्टोवेल येथील हौशी नाट्यमंडळाने १९५९ मध्ये रंगभूमीवर आणले.

१८४५ ते १८५२ या काळातील महादुष्काळानंतर जमिनीची वाटणी न करता ती एकाच मुलाकडे सोपविण्याची पद्धत दृढ झाली. परिणामी विवाह लांबू लागले; मध्यस्थ, हुंडा आणि जमिनीची पाहणी यांना निर्णायक स्थान मिळाले. हुंडा वधूपक्षाने द्यावा, हा संकेत कीन यांनी उलटा केला आहे. साइव्ह ही पोरकी, अनौरस मुलगी. मध्यस्थ टॉमशीन तिच्यासाठी वृद्ध शेतकरी शॉन डोटा याचे स्थळ आणतो आणि पैशाचे आमिष तिची मामी मेना हिला दाखविले जाते. विवाह आणि विक्री यांतील सीमारेषा येथे पुसली जाते.

नाटकाचे खरे सामर्थ्य दोन भटक्या पात्रांच्या योजनेत आहे. पश्चिम आयर्लंडमध्ये पेंढ्याचे मुखवटे घातलेले 'स्ट्रॉबॉइज' निमंत्रणाविना लग्नघरी येऊन नाचत-गात. त्यांचे येणे शुभ समजले जाई. पॅट्स बोकॉक आणि कार्थालॉन हेही अनाहूतच. परंतु त्यांच्या गाण्यांत शुभेच्छांची जागा शापाने घेतली आहे. घरातील माणसे ज्या अन्यायाला संमती देतात, त्याचा उच्चार घरदार नसलेल्यांनी करावा, ही योजना अर्थपूर्ण आहे.

मध्यस्थाचे चित्रण काही ठिकाणी ठोकळेबाज खलनायकी वळणाचे होते, ही मर्यादा मान्य करावी लागते. मेनाची दारिद्र्यातून आलेली कठोरता मात्र विश्वसनीय वाटते.

अखेरीस साइव्ह दलदलीत बुडून मरते. विवाहाच्या महिन्याची आणि वाराची इतकी चिकित्सा करणाऱ्या समाजात वधूच्या संमतीविषयी एकही शकुन-अपशकुन नाही, ही विसंगती या मृत्यूने अधोरेखित होते. त्यामुळेच 'साइव्ह' हे नाटक लोकाचारांच्या अभ्यासकांनाही दुर्लक्षिता येणार नाही.